पाचच्या स्क्रूला पावणेपाचची चावी

दहा मीटरची एअर रायफल दुरुस्तीला आली ती एका कॉलेजच्या मुलीची. तक्रार एवढीच, की छर्रे आडवे नीट बसतात, पण उभ्या रेषेत वर-खाली पसरतात. या खेळात दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. दस्त्यात रायफल केसभर जरी हलली, तरी ते कागदावर दिसतं.

काम सुरू करण्याआधीचा क्रम मी कधीच मोडत नाही. ब्रीच, म्हणजे छर्रा भरायची जागा, उघडून आत छर्रा नाही ना ते बघायचं, हवेचं सिलिंडर काढून बाजूला ठेवायचं, नळीतून रंगीत सेफ्टी दोरी आरपार घालायची. मगच पाना हातात.

दस्ता धरून ठेवणारा मागचा स्क्रू सैल होता आणि त्याची सहा कोनी खाच जवळजवळ गोल झालेली. भिंगाखाली कोपऱ्यांवर ताजी चमक दिसत होती. मुलीचे वडील म्हणाले, "ढिला लागला म्हणून आवळाय गेलो, तर चावी नुसतीच फिराय लागली बघा." त्यांनी वापरलेला ॲलन कीचा, म्हणजे सहा कोनी चाव्यांचा, सेट सोबत होता. बारीक अक्षरांत ३/१६ लिहिलेलं, म्हणजे इंची सेट. ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिलिमीटर. एम-६ च्या, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीच्या, ॲलन स्क्रूला लागते बरोबर ५ मिलिमीटरची. पावणेपाचची चावी आत जाते, बसल्यासारखी वाटते, पण जोर सपाट बाजूंवर न येता टोकांवर येतो आणि कोपरे खरवडले जातात. अजिबात न बसणारी चावी एक वेळ परवडली. अशी जवळपास बसणारी स्क्रूचा जीव घेते. ३ च्या खाचेत ७/६४ (२.७८) आणि अडीचच्या खाचेत ३/३२ (२.३८) गेली, तरी हेच होतं. गोल टोकाची बॉल-एंड चावी फक्त स्क्रू भराभर फिरवायला. शेवटचा जोर सरळ टोकानंच लावायचा.

आधी टी-३० मापाचा, चांदणीच्या आकाराचा टॉर्क्स बिट प्लास्टिकच्या हातोड्यानं अलगद बसवून पाहिला. खाच तोंडाशी फाकलेली होती, बिट निसटला. मग सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर धरून आट्यांतला लॉकिंगचा चिकट थर मऊ केला आणि उलट्या धारेचं ड्रिल कमी वेगात लावलं. असं ड्रिल स्क्रू सुटतो त्याच दिशेला फिरतं, त्यामुळे पुष्कळदा कापता कापता तो स्वतःच बाहेर येतो. इथं आला नाही. तेव्हा ६.२ मिलिमीटरच्या ड्रिलनं डोकंच उडवलं. डोकं गेलं की ताण संपतो. दस्ता उचलल्यावर उरलेला दांडा पकडीनं सहज फिरला. ब्रीच आणि सगळी भोकं आधीच टेपनं बंद केलेली होती. लोखंडाचा एक कण ट्रिगरमध्ये गेला, तर दुखणं दुप्पट.

नवा स्क्रू कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मिळाला. डोक्यावर १२.९ हा मजबुतीचा आकडा लिहिलेलाच घ्यावा. स्टेनलेसचा चमकतो छान, पण त्याची खाच मऊ. लांबी व्हर्नियरनं, म्हणजे बारीक मापाच्या सरकपट्टीनं, जुन्याशी जुळवावी. दोन मिलिमीटर लांब स्क्रू भोकाच्या तळाला टेकतो. हाताला घट्ट लागतो आणि दस्ता मात्र सैलच राहतो. ही चूक शोधायला सर्वांत अवघड.

आता आवळायचा किती? या रायफलीच्या पुस्तिकेत आवळण्याचा जोर ५ न्यूटन-मीटर दिला होता. तुमच्या रायफलीचा आकडा तिच्याच पुस्तिकेत बघा. गाड्यांच्या गॅरेजमधला मोठा टॉर्क रेंच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना, इतक्या खाली मोजतच नाही. भारी सायकली दुरुस्त करणाऱ्यांकडे २ ते २० चा छोटा रेंच असतो, तो चालतो. तोही नसेल तर लांब दांड्याची ५ ची चावी घ्या, स्क्रूच्या मध्यापासून बरोबर १० सेंटिमीटरवर खूण करा, तिथं बॅग तोलायचा डिजिटल काटा अडकवा आणि दांड्याशी काटकोनात ओढा. काटा ५.१ किलोवर आला की ५ न्यूटन-मीटर झाले. ओढताना कोन चुकला तर आकडा खोटा. पुढचा आणि मागचा स्क्रू आलटून पालटून, आधी निम्म्या जोरानं, मग पुरता.

जुन्या रायफलींना सरळ खाचेचे स्क्रू असतात, तिथंही नियम हाच. घरचा स्क्रूड्रायव्हर पाचरीसारखा उतरता असतो. तो खाचेच्या फक्त वरच्या काठाला धरतो आणि उसळतो. दोन्ही बाजू समांतर असलेला बिट हवा. खाचेची रुंदी व्हर्नियरनं, जाडी फीलर गेजच्या पातळ मापपट्ट्यांनी मोजून उद्यमनगरातल्या टूलरूममधून घासून घेता येतो. घासताना पाण्यात बुडवत राहायला सांगा. पोलाद निळं पडलं की त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं.

रायफल स्टँडवर ठेवून दुधाळीच्या रेंजवर तपासली. उभा पसारा गेला होता. स्क्रूच्या डोक्यापासून दस्त्यापर्यंत पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढून दिली. रेघ तुटलेली दिसली तरच चावी लावायची, आणि ती मेट्रिक सेटमधलीच.