नस बंद केली तर रक्त जाणार कुठून?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न मला नेहमी डॉक्टर खोलीबाहेर गेल्यावरच विचारला जातो. डॉक्टर समजावत असतात तेव्हा पेशंट मान डोलावतात, कागदावर सही करतात. मग मी पायाखाली उशी सरकवायला वाकते आणि वरून हळू आवाज येतो, "सिस्टर, इंजेक्शन देऊन नस कायमची बंद करणार म्हणतात. मग रक्त जाणार कुठून?"

पायांतल्या फुगलेल्या शिरांवर, म्हणजे व्हेरिकोज व्हेन्सवर, इंजेक्शन देण्याच्या कामात मी बरीच वर्षं हाताखाली उभी राहिले आहे. या प्रश्नाला 'काही होत नाही हो' म्हणून मी कधीच वाटेला लावत नाही, कारण प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. या उपचाराचं सगळं गणित त्यावरच उभं आहे.

आधी एक शब्द बाजूला करते. आपण 'नस' म्हणतो त्यात दोन निराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. मानेत नस दबली म्हणतो तेव्हा ती संवेदना वाहून नेणारी असते. पायावर हिरवी-निळी नस दिसते म्हणतो तेव्हा ती रक्ताची असते. एक काका टेबलावर झोपेपर्यंत हेच मनात धरून होते की नस बंद केली की पाय लुळा पडेल. दोन रात्री त्यांना झोप नव्हती. तेव्हापासून मी 'रक्ताची शीर' असंच म्हणते, आणि या शिरेचा पाय हलण्याशी संबंध नाही हे न विचारता सांगते.

आता रक्ताचं. पायातलं रक्त वर हृदयाकडे चढतं ते मुख्यतः स्नायूंच्या आत, खोलवर असलेल्या शिरांमधून. सुमारे ९० टक्के रक्ताची वाट तीच. आपण पाऊल टाकलं की पोटरी आवळते, खोल शीर पिळली जाते आणि रक्त वर ढकललं जातं. कातडीखालच्या ज्या शिरा आपल्याला दिसतात त्या उरलेलं थोडं रक्त गोळा करून या खोल शिरांना नेऊन देतात. दोन्हीकडे आत नाजूक झडपा असतात, वर गेलेलं रक्त खाली येऊ नये म्हणून. कातडीखालच्या शिरेतल्या झडपा नीट मिटेनाशा झाल्या की माणूस उभा राहिल्यावर रक्त उलटं खाली कोसळतं. शीर ताणली जाते, वेडीवाकडी होते, संध्याकाळी पाय जड होतो, घोटा सुजतो, वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर घोट्याजवळची कातडी काळवंडते आणि एखादी जखम भरता भरत नाही.

हे ऐकून पटत नाही, पाहून पटतं. डॉपलर सोनोग्राफीत पेशंटला उभं करतात आणि पोटरी दाबून सोडतात. दाबल्यावर रक्त वर जातं. सोडल्यावर निरोगी शिरेत ते थांबायला हवं. अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ ते उलटं वाहत राहिलं तर झडप गळते असं धरतात. बिघडलेल्या शिरेत ते खूप वेळ वाहतं. पडद्यावरचा रंग बदलतो आणि मशीनमधून लांबलचक घरघर ऐकू येते. मी पेशंटला म्हणते, हे ऐका, हे तुमचंच रक्त खाली पडतंय. खालून ते पुन्हा खोल शिरेत शिरतं, पुन्हा वर चढतं, पुन्हा इथून खाली येतं.

म्हणजे जी बंद करायची ती शीर हृदयाकडे रक्त नेतच नव्हती. ती गळती होती. ती मिटली की रक्त जिथून जायला हवं तिथूनच जातं, आणि खोल शिरेवरचा फुकटचा भार कमी होतो. हे माझं उत्तर.

पण त्याला एक अट आहे, म्हणूनच तुमचा प्रश्न मला मोलाचा वाटतो. खोल शीर मोकळी हवी. कधीकाळी तिथे गुठळी होऊन वाट तुंबली असेल, तर वर फुगलेली शीर कदाचित तुंबलेल्या रक्ताने शोधलेली पळवाट असते. ती बंद करणं म्हणजे खरोखरच रक्ताला जायला जागा न ठेवणं. म्हणून जाड, फुगलेल्या शिरेत डॉपलर केल्याशिवाय इंजेक्शन घेऊ नका. कोणी कितीही घाई केली तरी. आणखी एक कारण आहे. गळतीचं मूळ पुष्कळदा वर जांघेत किंवा गुडघ्यामागे असतं. ते तसंच ठेवून खालच्या फांद्यांना टोचलं तर त्या पुन्हा भरतात.

औषधाबद्दल लोकांचा समज असतो की ते रक्त गोठवतं. तसं नाही. जास्त वापरली जाणारी दोन औषधं, पॉलिडोकॅनॉल आणि सोडियम टेट्राडेसिल सल्फेट, ही साबणाच्या जातीची आहेत. साबण तेलकटपणा सोडवतो, तसं हे औषध शिरेच्या आतल्या अस्तरातल्या पेशींची स्निग्ध आवरणं मोडतं. अस्तर सुटतं, शीर आकसते, भिंती सुजून एकमेकींना चिकटतात आणि काही आठवड्यांत तिची दोरी होते. पुढच्या काही महिन्यांत शरीर ती दोरी बरीचशी जिरवून टाकतं. नुसती गुठळी झाली तर ती विरघळून शीर पुन्हा उघडू शकते, म्हणून नेम भिंतीवर असतो. पाय उंच ठेवून शीर रिकामी करायची ती याचसाठी. आणि हेच औषध रक्तात मिसळलं की त्यातल्या प्रथिनांना चिकटून निष्प्रभ होतं. खोल शिरेत रक्ताचा ओघ मोठा असतो, तिथे पोचेपर्यंत त्याचा जोर उरत नाही.

अशी शीर मिटवता येते हे योगायोगाने कळलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिफिलिसच्या रोग्यांना शिरेतून औषधं देताना डॉक्टरांच्या लक्षात आलं की टोचलेली शीर कडक होऊन बंद पडते. पॉलिडोकॅनॉल तर मुळात बधिर करण्याचं औषध म्हणून बनवलं गेलं होतं. ते देताना फारशी आग होत नाही ती त्यामुळेच.

माझ्या हातचं काम म्हणजे फेस करणं. जाड शिरेत पातळ औषध रक्तात मिसळून वाया जातं, फेस मात्र रक्ताला पुढे ढकलून भिंतीला लागून राहतो. इटलीतल्या टेसारी या डॉक्टरांनी २००० मध्ये मांडलेली पद्धत इतकी साधी आहे की पहिल्यांदा पाहिल्यावर मला आश्चर्य वाटलं होतं. दोन सीरिंज, मध्ये त्यांना जोडणारी तीन तोंडांची छोटी तोटी (थ्री-वे), एक भाग औषध, चार भाग हवा. इकडून तिकडे साधारण वीस वेळा जोरात ढकलायचं. दाट पांढराशुभ्र फेस तयार होतो. पण एक-दोन मिनिटांतच तो फुटून पुन्हा पाणी व्हायला लागतो, म्हणून डॉक्टरांची सुई शिरेत बसल्याची खात्री झाल्याशिवाय मी हात लावत नाही. सोनोग्राफीवर तो चमकत पुढे सरकताना दिसतो. एका वेळी साधारण १० मिलीलीटरच्या वर फेस देऊ नये असं युरोपातल्या तज्ज्ञांच्या शिफारशी सांगतात. त्यामुळे दोन्ही पाय एकदाच उरकून टाका असा आग्रह धरू नका.

सुई निघाली की पाय खाली सोडण्याआधी पट्टी किंवा घट्ट स्टॉकिंग चढवायचं आणि लगेच दहा-वीस मिनिटं चालायचं. इथे माझी रोज झटापट होते. "इंजेक्शन घेतलंय, जरा पडू द्या ना" असं म्हणणाऱ्याला मी हाताला धरून उठवते. पोटरी चालली की खोल शिरेतलं रक्त वाहतं राहतं आणि तिथे गुठळी धरण्याची भीती कमी होते. घरी गेल्यावरही चालत राहायचं. कढत पाण्याची अंघोळ आणि जड व्यायाम मात्र काही दिवस नको.

आता जे मी एका बाईंना सांगायला हवं होतं ते. त्या शिक्षिका होत्या, उभं राहून पाय दुखायचे, पण मनातून त्यांना पाय आधीसारखे दिसायला हवे होते. शीर छान मिटली. दोन महिन्यांनी आल्या तेव्हा त्याच जागी तपकिरी रेघ होती आणि डोळ्यांत पाणी होतं. "आधी निळी होती, आता काळी झाली." मला वाटलं होतं डॉक्टरांनी सांगितलं असेल, डॉक्टरांना वाटलं होतं मी. ती रेघ रक्तातल्या लोहाची असते. बहुतेकांची काही महिन्यांत, कधी वर्षभरात फिकट होते, काहींची राहते. त्यांची गेली, पण त्या मधल्या काळातली त्यांची बेचैनी आम्ही एका वाक्याने वाचवू शकलो असतो. म्हणून आता मी सगळं आधीच सांगते. शिरेची कडक, दुखरी दोरी हाताला लागेल. आत अडकलेलं रक्त कधी सुईने काढावं लागेल. आजूबाजूला बारीक लाल जाळी उमटू शकते. औषध बाहेर झिरपलं किंवा बारीक धमनीत गेलं तर कातडीला जखम होऊ शकते. फेसानंतर क्वचित काही मिनिटं डोळ्यांपुढे लुकलुकतं किंवा अर्धशिशी उठते. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये जन्मापासूनचं बारीक छिद्र उघडं राहिलेलं असेल तर फेसाचे बुडबुडे तिकडून मेंदूकडे जाऊ शकतात. असं छिद्र साधारण चारातल्या एका माणसाला असतं आणि बहुतेकांना माहीतही नसतं. पक्षाघात अतिशय विरळा, पण झालेला आहे. पूर्वी गुठळी झाली असेल, गरोदर असाल, औषधाची अॅलर्जी असेल तर आधी सांगा. नंतर पोटरी सुजून ठणकायला लागली, दम लागला, छातीत दुखलं, बोलताना जीभ अडखळली तर सकाळची वाट पाहू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

कायमचं जातं का, हाही प्रश्न पाठोपाठ येतो. मिटलेली शीर बहुधा मिटलेलीच राहते, पण फेसाने बंद केलेली जाड शीर काहींची पुन्हा उघडते आणि नव्या शिराही फुगतात. ब्रिटनमध्ये जवळजवळ ८०० रुग्णांची लेझर (शीर आतून उष्णतेने मिटवणं), फेस आणि शस्त्रक्रिया अशी तुलना झाली. पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले, त्यांत पायांच्या त्रासाच्या बाबतीत लेझर आणि शस्त्रक्रियावाल्यांची स्थिती फेसवाल्यांपेक्षा बरी होती. म्हणून मांडीतली मुख्य शीर गळत असेल तर लेझर जमेल का हे डॉक्टरांना जरूर विचारा. फांद्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शिरा, शस्त्रक्रियेनंतर परत आलेल्या शिरा, भूल न झेपणारे वयस्कर पेशंट, इथे या इंजेक्शनचं मला फार मोल वाटतं.

काही आठवड्यांनी पेशंट तपासणीला येतात तेव्हा मी मशीनचा आवाज मुद्दाम वाढवते. सोनोग्राफीचा प्रोब, म्हणजे कातडीवर टेकवायचा भाग, मिटवलेल्या शिरेवर ठेवला की काहीच ऐकू येत नाही. मग तो खोल शिरेवर नेतात, पोटरी दाबतात आणि वाऱ्याच्या झोतासारखा एक मोठा आवाज वर जातो. हात सोडला की लगेच शांत.

"ऐकलंत? इथून जातंय."