शीट नंबर सहा

सकाळी साडेदहाला अ‍ॅनालिटिकल लॅबमधून फोन आला, मॅडम तुमच्या फिल्मच्या कंटेंट युनिफॉर्मिटीचा रिझल्ट आलाय, एकदा येऊन बघता का. आवाजावरूनच कळलं की काहीतरी बिनसलंय. प्रत्येकीत औषध सारखंच आहे का ते बघायला औषधाच्या पातळ फिल्मच्या दहा स्ट्रिप्स तपासलेल्या, एकीत ८६ टक्के औषध, एकीत ११६, बाकीच्या मध्ये कुठेही. म्हणजे ८ मिलिग्रॅमच्या डोसला एका पेशंटला सातसुद्धा पूर्ण नाही आणि दुसऱ्याला सव्वानऊ, पोटात गोळाच आला माझ्या.

हे उलटी थांबवणारं औषध, जिभेवर ठेवलं की अर्ध्या-पाऊण मिनिटात विरघळणाऱ्या फिल्ममध्ये. केमो चालू असलेल्या ज्या माणसाच्या पोटात घोटभर पाणी ठरत नाही त्याला गोळी गिळा असं कुठल्या तोंडाने सांगायचं, म्हणून हा खटाटोप. (अमेरिकेत ऑनडॅनसेट्रॉन या उलटीवरच्या औषधाची अशी फिल्म २०१० मध्येच मंजूर झालीये.) बऱ्याच जणांना वाटतं फिल्म म्हटली की औषध तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जातं, तसं दरवेळी नसतं. गालाच्या आत चिकटवायची किंवा जिभेखाली ठेवायची फिल्म वेगळी, तिथून शोषलेलं औषध आधी यकृतात न जाता थेट रक्तात पोचतं. जिभेवर झटकन विरघळणाऱ्या फिल्ममधलं बरंचसं औषध लाळेबरोबर पोटातच जातं, फक्त गोळी आणि पाणी दोन्ही लागत नाही, आणि आम्हाला तेवढंच हवं होतं.

आता गडबड कुठे झाली ते शोधायचं. स्ट्रिप २ बाय ३ सेंटीमीटरची, वजन सगळ्यांचं ६० मिलिग्रॅमच्या आसपास, जाडी ८० मायक्रॉन, उजेडात धरली तर सगळ्या अगदी एकसारख्या दुधाळ. आणि इथेच मी फसले होते, ६० मध्ये औषध फक्त ८, त्यातलं मिलिग्रॅमभर कमीजास्त झालं तर वजनाच्या नेहमीच्या फरकात ते दिसतच नाही. ज्यांवर मिश्रण ओतून शीट वाळवतो आणि मग स्ट्रिप्स कापतो त्या कास्टिंगच्या काचा लेव्हलमध्ये होत्या का, ओव्हनमध्ये एका बाजूला जास्त वारा लागला का, सगळं तपासून झालं, काही सापडेना.

तेवढ्यात आमची ज्युनिअर म्हणाली, मॅडम, मी उरलेल्या प्रत्येक शीटच्या पाकिटावर नंबर टाकून ठेवलेत, आपण टेस्टला पाठवताना सगळ्या शीटच्या स्ट्रिप्स मिक्स केल्या ना, आता नंबरवार करून बघूया का? इतका आनंद झाला मला. एक ते सहा नंबरच्या शीटमधून तीन-तीन स्ट्रिप्स कापून दिल्या आणि दुपारी आकडे आले, एका शीटमधल्या तिन्ही जवळजवळ सारख्या, पण शीट नंबर एक सगळ्यात कमी, मग चढत चढत सहा नंबर सगळ्यात जास्त.

मग डोक्यात प्रकाश पडला. आधीच्या बॅचमध्ये हवेचे बुडबुडे राहून वाळल्यावर फिल्मला भोकं पडायची, म्हणून या वेळी एचपीएमसीचं (फिल्म ज्यापासून बनते ते पॉलिमर) मिश्रण मी रात्रभर स्थिर ठेवलं होतं, बुडबुडे आपोआप वर येऊन फुटावेत म्हणून. पण आमचं औषध पाण्यात नीट विरघळत नाही, बारीक कण तरंगत असतात, ते रात्रभरात हळूहळू खाली बसले, आणि सकाळी बीकरमधून वरचं वरचं आधी ओतत गेलो. खात्री करायला तेच मिश्रण मेजरिंग सिलिंडरमध्ये भरून ठेवलं, चार तासांनी वरच्या दोन बोटांवर मिश्रण नितळ झालेलं आणि तळाशी पांढरी रेघ, डोळ्यांनी दिसत होती. किती वेळ मी तिच्याकडेच बघत बसले होते.

दुसऱ्या दिवशी औषध अजून बारीक दळून घेतलं, एचपीएमसी थोडं वाढवून मिश्रण दाट केलं, आणि स्थिर न ठेवता हळू ढवळत ढवळतच व्हॅक्यूम लावून बुडबुडे काढले, चाळीस मिनिटं, आणि लगेच काचेवर ओतलं. या वेळी प्रत्येक स्ट्रिपवर शीटचा नंबर घालूनच टेस्टला दिलं. संध्याकाळी आकडे आले, ९७ ते १०२, आणि एक नंबर आणि सहा नंबर शेजारी शेजारी. चौथ्या शीटमध्ये तेवढा एक बुडबुडा राहिला होता, ती स्ट्रिप कापून बाजूला काढली.