मुंबईच्या दमट हवेत व्हीआर हेडसेट

सिम रेसिंगला, म्हणजे खऱ्यासारखी गाडी चालवायच्या व्हिडिओ गेमला बसलं की व्हीआर (आभासी जग दाखवणारा) हेडसेट तासभर डोक्यावर राहतो, म्हणून चित्राच्या आधी फिटिंग बघा. मेटा क्वेस्ट ३ या हेडसेटचं वजन ५१५ ग्रॅम, आणि बहुतेक भार पुढे. सोबतचा कापडी पट्टा आवळला की गालांवर वळ उठतात. मागे बॅटरी असलेला कडक पट्टा घ्या. वजन वाढतं, पण तोल सावरतो. पट्टा मागे कवटीच्या उंचवट्याखाली बसवा, मग वरचा ओढा.

आपल्याकडे खरा त्रास दमटपणाचा. एसीत गार पडलेली लेन्स घामेजल्या चेहऱ्यासमोर आली की वाफ धरते. हेडसेट पाच-दहा मिनिटं आधीच सुरू ठेवा, टेबलफॅनचा झोत थेट चेहऱ्यावर घ्या. व्हीआरमध्ये अनेकांना होणारी मळमळही त्याने कमी होते. फोम घाम पितो आणि जुलैत वाळता वाळत नाही. सिलिकॉनचं कव्हर लावलं की पुसून मोकळे. लेन्सला मात्र कोरडं मायक्रोफायबरच, स्पिरिट नको.

वन रूम किचनमध्ये जागेची चिंता नको, बसून खेळायला खुर्चीपुरती जागा पुरते. फक्त हेडसेट खिडकीत ठेवू नका: लेन्समधून ऊन एकवटून आतला डिस्प्ले कायमचा जळतो.