दहा टक्क्यांचं घर

एजंट म्हणाला, "मॅडम, दहा टक्के खिशात असले की झालं, बाकीचं बँक बघते." चिंचवडमधला जुना वन आरके, तिसरा मजला, लिफ्ट नाही, 24 लाख. मी मनात 2 लाख 40 हजार धरले. भिशी आणि एफडी मिळून माझ्याकडे 4 लाख होते, म्हणजे वर पंखे-गीझरसुद्धा येतील असा हिशेब.

30 लाखांपर्यंतच्या कर्जात बँक 90 टक्क्यांपर्यंत देऊ शकते, हे खरंच आहे. पण 90 टक्के कशाचे? बँकेचा व्हॅल्युअर आला, भिंतीची ओल पाहिली, गॅलरीचं प्लास्टर टिचकी मारून पाहिलं आणि किंमत 22 लाख लिहून गेला. कर्ज बसलं 19 लाख 80 हजार. वरचे 4 लाख 20 हजार माझे. मुद्रांक शुल्क तर कर्जात धरतच नाहीत. बाईच्या नावावर एक टक्का सूट मिळते म्हणून करारातून नवऱ्याचं नाव काढलं (साहेब दोन दिवस गप्प होते), तरी 6 टक्क्यांनी 1 लाख 44 हजार. नोंदणी 24 हजार, दलाली तेवढीच, सोसायटीची ट्रान्सफर फी 25 हजार. बेरीज 6 लाख 37 हजार!

इसार देऊन बसले होते, माघार घेतली तर तोही गेला असता. भावाने 90 हजार दिले. उरलेल्या दीड लाखासाठी आईने न विचारता पाटल्या काढून ओट्यावर ठेवल्या. सोनेतारण.

भाडेकरू चाकणच्या कंपनीत कामाला असलेली लातूरची दोन मुलं. अकरा महिन्यांचा करार रीतसर नोंदवला, ती जबाबदारी कायद्याने मालकाचीच असते. कमिटीने "भाडेकरू ठेवताय" म्हणून महिन्याला हजार जादा मागितले. सेवा शुल्काच्या (मेंटेनन्समधला सोसायटीच्या रोजच्या खर्चाचा भाग) 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, हा 2001 चा शासन आदेश छापून नेला, तेव्हा सेक्रेटरी चष्मा शोधू लागले.

भाडं 9,500. हप्ता 17,200, मेंटेनन्स 1,300. म्हणजे दरमहा 9 हजार माझ्या पगारातून. आधी कमी भरलं, ते आता महिन्या-महिन्याला भरतेय.

डिपॉझिटचे 30 हजार भावाला परत केले. खरं तर ते त्या मुलांचेच पैसे आहेत, पण तेव्हा दुसरं काही सुचलं नाही. पाटल्या अजून बँकेत आहेत. आई विचारत नाही. लग्नाला निघताना फक्त हात पदराखाली घेते.