बोस्टनचा ऑर्गन मेथ्यूएनला कसा गेला

1884 साली बोस्टन म्युझिक हॉलमधला पाइप ऑर्गन, म्हणजे नळ्यांत वारा सोडून वाजवायचे वाद्य, उतरवला गेला, तो बिघडला म्हणून नव्हे, जागा अडवतो म्हणून. 1881 मध्ये स्थापन झालेल्या बोस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राला मंच अपुरा पडत होता. ऑर्गन जर्मनीतल्या लुडविग्सबुर्गच्या वाल्कर कारखान्यात घडलेला. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना, 2 नोव्हेंबर 1863 रोजी, त्याचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. हातांसाठी 4 कीबोर्ड, पायांसाठी वेगळी पट्टी, 5,000हून अधिक नळ्या, आणि न्यूयॉर्कच्या हर्टर ब्रदर्सनी अक्रोडाच्या लाकडात घडवलेला सुमारे 60 फूट उंच दर्शनी भाग.

असे वाद्य उतरवताना पहिले काम नोंदीचे. वाऱ्याचा दाब पाण्याच्या नळीने मोजून ठेवायचा, कारण दाब बदलला की प्रत्येक नळीचा सूर आणि पोत दोन्ही बदलतात. मग सर्वांत लहान नळ्या आधी काढायच्या. एका स्टॉपच्या, म्हणजे एकाच जातीच्या आवाजाच्या, नळ्या एकाच खोक्यात, स्वरांच्या क्रमाने, प्रत्येकीवर खूण. नळीच्या तोंडाला, म्हणजे आवाज जिथे फुटतो त्या फटीला, बोट लागता कामा नये. तिथला किंचित वाक म्हणजे बिघडलेला आवाज. कथील-शिशाचा धातू मऊ असतो. मोठ्या धातूच्या नळ्या एकावर एक रचल्या तर खालच्या चेपतात, म्हणून प्रत्येकीला गादीचा स्वतंत्र आधार लागतो. शेवटी वारापेट्या (ज्यांवर नळ्या उभ्या असतात आणि ज्यांच्या झडपांतून त्यांना वारा मिळतो), भाते आणि सांगाडा. उभारणीचा क्रम याच्या बरोबर उलटा.

प्रवासापेक्षा साठवण जास्त घातक, हे माझे ठाम मत आहे. हा ऑर्गन खोक्यांत बंद राहिला. 1897 साली तो लिलावात निघाला तेव्हा धनाढ्य एडवर्ड सर्ल्स यांनी अवघ्या 1,500 डॉलरना घेतला. अशा मुक्कामात झडपांचे कातडे कडक होते, वारापेटीच्या लाकडाला चिरा जातात. चिरेतून वारा शेजारच्या नळीत शिरला की न दाबलेला स्वरही बारीक वाजतो. झडपेखाली लाकडाचा एक कण अडकला, तर झडप मिटत नाही आणि स्वर वाजतच राहतो.

सर्ल्स यांनी मात्र मोठी गोष्ट केली: ऑर्गनला जागा शोधण्याऐवजी त्याच्यासाठीच वास्तू बांधली. मॅसॅच्युसेट्समधल्या मेथ्यूएन गावी, स्पिकेट नदीकाठी, वास्तुविशारद हेन्री व्हॉन यांचे सभागृह 1909 मध्ये खुले झाले. उंच छत, जाड विटांच्या भिंती, दीर्घ घुमणारा आवाज. ऑर्गनच्या बाबतीत खोली हा वाद्याचाच भाग असतो, म्हणून हा निर्णय मला सगळ्या दुरुस्त्यांहून मोलाचा वाटतो. ऑर्गन घडवणारे जेम्स ट्रीट यांच्या देखरेखीखाली वाद्य पुन्हा उभे राहिले. 1884 ते 1909, म्हणजे 25 वर्षे ते मुके होते.

1946 मध्ये सभागृह सार्वजनिक न्यासाकडे आले आणि पुढच्याच वर्षी ऑर्गन बनवणाऱ्या एओलियन-स्किनर कंपनीने, जी. डोनाल्ड हॅरिसन यांच्या मार्गदर्शनाखाली, ऑर्गनची पुनर्बांधणी केली. वारापेट्या नव्या घातल्या, स्वरयोजना बदलली. वाल्करच्या बऱ्याच नळ्या आणि दर्शनी भाग ठेवला. त्यामुळे आज तिथे ऐकू येतो तो 1863 चा आवाज नाही. तरीही वाल्करच्या नळ्या वाजत्या राहिल्या, आणि त्या वाजवायच्या तर त्यांच्याखालची यंत्रणा नवी असणे मला गैर वाटत नाही. सुरात ठेवण्याचे काम मात्र कायमचे: हवा 1 अंश सेल्सिअसने तापली की नळीचा सूर सुमारे 3 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढतो, म्हणून मैफलीच्या वेळी असेल त्याच तापमानाला सूर लावावे लागतात.