थोडंसं चिकट

आपल्यापैकी निम्म्या लोकांना शाळेपेक्षा क्रिकेटनेच जास्त इंग्रजी शिकवलं असं माझं ठाम मत आहे. मराठी कॉमेंट्री होतीच म्हणा, आकाशवाणीवरून बाळ ज. पंडितांनी निर्धाव षटक, यष्टिरक्षक वगैरे घराघरात पोचवलेलं, त्यामुळे मेडन ओव्हर कुणाला समजावून सांगावी लागली नाही. पण टीव्हीवर इंग्रजी सुरू झालं की सगळा अंदाजपंचे कारभार. मॅच चालू असताना डिक्शनरी कोण काढतंय? 'नाइटवॉचमन' ऐकल्यावर आधी सोसायटीच्या गेटवरचे काकाच डोळ्यासमोर यायचे, मग बघावं तर संध्याकाळ झालेली, नुकतीच विकेट पडलेली, आणि चांगला बॅट्समन आत ठेवून भलताच एक बोलर ग्लोव्हज ओढत मैदानात येतोय. झालं, कळलं. 'चिन म्युझिक' तर त्याहून सोपं, बॉल हनुवटीजवळून सुंईकन गेला, बॅट्समन मागे धडपडला आणि कॉमेंटेटर खूश झाला. 'डक'साठी आपला भोपळा आधीपासूनच तयार होता.

पण 'स्टिकी विकेट'चं काय करायचं? ती आपण कधी बघितलेलीच नाही. पाऊस आला की ग्राउंडस्टाफ कव्हर्स घेऊन धावतो, पिच कोरडंच राहतं. तरी पेपरात 'मंत्री स्टिकी विकेटवर' असं वाचलं की आपण मान डोलावतो. अडचणीत आहेत, अजून काय. बरोबरच आहे ते. फक्त अडचण केवढी ते त्यात येत नाही.

ते कळायला १९५० च्या डिसेंबरातली ब्रिस्बेनची अ‍ॅशेस टेस्ट बघायला हवी. तेव्हा पिच झाकायची पद्धत आजच्यासारखी नव्हती. धो धो पाऊस पडला, मग ऊन आलं, आणि भिजलेली माती वरून वाळायला लागली की बॉल तिच्यात रुतून कुठूनही कसाही उसळतो. ऑस्ट्रेलियाचा २२८ चा पहिला डाव पावसाआधीच आटोपला होता. इंग्लंडने ६८ वर ७ असताना डाव सोडला! म्हणजे खेळत बसून रन्स काढण्यापेक्षा ऑस्ट्रेलियालाच लगेच त्या चिखलात उतरवलेलं बरं. ऑस्ट्रेलियाने काय केलं, तर त्यांनीही ३२ वर ७ असताना डिक्लेअर केलं. दिवस संपेपर्यंत इंग्लंडचे परत ३० वर ६. एका दिवसात १३० रन्स आणि २० विकेट्स, आणि शेवटी इंग्लंड ७० रन्सनी हरलं. इंग्लंडचा लेन हटनसारखा नावाजलेला ओपनर आठव्या नंबरला आला आणि नाबाद ६२ काढले, तरीही. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा त्या 'स्टिकी'चा आवाका कळला. तोवर मी तो शब्द 'जरा ट्रॅफिक लागलं' इतक्या हलक्यात घेत होतो.

आता गंमत बघा, गंमत कसली म्हणा. त्यानंतर चारच महिन्यांनी, एप्रिल १९५१ मध्ये, कोरियाच्या युद्धात इमजिन नदीजवळ ब्रिटिशांच्या ग्लॉस्टर्स बटालियनला चिनी सैन्याने सगळीकडून घेरलं. ब्रिटिश ब्रिगेडियर टॉम ब्रॉडीने वरच्या अमेरिकन जनरलला परिस्थिती कळवली ती अशी, की सर, जरा स्टिकी झालंय. हा किस्सा नेहमी सांगितला जातो. ब्रिटिश कानाला याचा अर्थ सरळ होता, मेलो, काहीतरी करा. अमेरिकन जनरल सोल यांनी ऐकलं ते असं, की थोडा त्रास आहे पण पोरं निभावून नेतायत. ग्लॉस्टर्स तिथल्या एका टेकडीवरच अडकले, मोजकेच निसटले, बाकीचे मारले गेले नाहीतर कैदेत गेले. शब्द दोघांनाही येत होता, भाषा एकच, शत्रू एकच, समोर नकाशाही बहुधा एकच असेल. संदर्भ म्हणतात तो अजून किती द्यायचा? अर्थ पोचला, वजन नाही पोचलं.

आमच्या ऑफिसात तर हे रोजचं आहे, सुदैवाने तोफा नसतात. इंग्लंडचा एक क्लायंट आहे, अतिशय सभ्य माणूस. एकदा सॉफ्टवेअरच्या रिलीजनंतर त्यांच्या ग्राहकांना दोन-दोनदा बिलं गेली. कॉलवर आमच्या टीम लीडने घसा खाकरून सगळं सांगितलं. पलीकडे शांतता, मग कपात चमचा फिरवल्याचा आवाज, मग तो म्हणाला, "हम्म. वेल, इट्स नॉट आयडियल, इज इट?" लीडने सुटकेचा श्वास सोडला, शीटमध्ये त्या ओळीला हिरवा रंग दिला आणि जेवायला गेला. चार वाजता क्लायंटच्या बॉसच्या बॉसचा मेल, इकडच्या डायरेक्टरला मार्क केलेला. लीड बिचारा सगळ्यांना विचारत फिरत होता, अरे तो तर काहीच बोलला नाही!

आपण तरी वेगळे कुठे आहोत. लग्नाच्या बोलणीत "बघू, कळवतो" म्हटलं की पोहे संपायच्या आत दोन्हीकडच्यांना कळतं की हे काही कळवत नाहीत. कोल्हापूरकराने 'नाद खुळा' म्हटलं तर ते कौतुक आहे आणि पुणेकराने 'वा, छान' म्हटलं तर जरा थांबून त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं. हे आपल्याला कुणी शिकवलं नाही, ते वाक्य बोलल्यावर माणसं पुढे काय करतात हे लहानपणापासून बघितलंय इतकंच.

आमच्या टीममधली एक मुलगी आता हेच करते. क्लायंट काय म्हणाला ते ती लिहून घेतच नाही, त्यानंतर त्याने काय केलं ते लिहिते. 'विथ रिस्पेक्ट' म्हणाला, पुढे आपली सूचना उडवली. 'इंटरेस्टिंग' म्हणाला, तो विषय परत निघालाच नाही. 'आय विल बेअर इट इन माइंड', विसरला. सगळ्यात वैताग 'क्वाइट गुड'चा, कारण दुपारी आम्हाला इंग्लंडचा कॉल असतो आणि रात्री अमेरिकेचा, आणि दोघेही तेच म्हणतात. इंग्लंडवाल्याचं म्हणजे बहुतेक वेळा ठीकठाक, पास केलंय. अमेरिकावाल्याचं म्हणजे खरंच आवडलं. त्यामुळे दुपारी 'क्वाइट गुड' आलं की ती मुकाट्याने रिपोर्ट परत उघडून बसते आणि रात्री आलं की खालून सगळ्यांसाठी वडापाव मागवते.