मूल्य : स्वाध्याय

आमच्या वाचनालयात कोश कायम खालच्या फळीवर. वजनच इतकं की वरची फळी वाकते. त्यामुळे ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा सांगलीत शिरली तेव्हा पहिले भिजले ते कोशच. कादंबऱ्या वर कोरड्या.

सांगलीत जैन समाज मोठा, आणि शास्त्रदान हे त्यांच्या चार दानांपैकी एक. आजोबांच्या स्मरणार्थ पुस्तक छापायचं, वाटायचं, किमतीच्या जागी ‘मूल्य : स्वाध्याय’, म्हणजे वाचलंत की किंमत फिटली. सुंदर रीत आहे, मला मनापासून आवडते. पण चातुर्मासात दारात गठ्ठा उतरतो तो एकाच स्तोत्राच्या पातळ पुस्तिकेचा, पहिल्या पानावर दात्याचा फोटो. पातळ पुस्तक हजार घरांत जातं, कोशाचा संच एकाच कपाटात. नाव कुठे जास्त दिसणार, सांगा! हे फक्त जैनांचं नाही. गीतेच्या छोट्या प्रतींचंही तेच.

‘अभिधान राजेंद्र कोश’ म्हणजे सात खंड. जैन आचार्य राजेंद्रसूरींनी १८९० ते १९०३ अशी तेरा वर्षं त्यावर घालवली. प्राकृत शब्द, विवरण संस्कृतात. आता तो स्कॅन होऊन नेटवर फुकट आहे. पण फुकट असून उपयोग काय, आहे हे कुणी सांगितलं तर ना?

मध्यंतरी एक वकीलसाहेब आले. स्मृतींमध्ये कर्जवसुलीबद्दल काय म्हटलंय ते हवं होतं. मी धर्मकोशाचं व्यवहारकांड, म्हणजे न्यायव्यवहाराचा भाग, पुढे ठेवलं. लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली १९३७ पासून वाईहून निघालेलं. ऋणादानावरची, म्हणजे कर्जवसुलीवरची, वेगवेगळ्या स्मृतींतली वचनं टीकांसह एकत्र. “ताई, हे आपल्या वाईत झालंय?” उभी हयात कोर्टात गेलेली, आणि वाई इथून किती लांब?

तेव्हापासून अधूनमधून मी कोशातल्या एखाद्या नोंदीचा फोटो वाचनालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते. अख्ख्या कोशाची जाहिरात कुणी वाचत नाही. ‘ऋणादान’ मात्र लोकांनी वाचलं, वर भांडलेही. पाठशाळेच्या एक बाई तर पुढचं पान मागायला स्वतः आल्या. कोश काढणाऱ्या संस्थांनीही हेच करावं: आठवड्याला एक नोंद, खाली खंड आणि पान.

आणि यंदा गठ्ठ्याऐवजी एका कोशाचा पूर्ण संच द्या. दात्याचं नाव घाला खुशाल, फोटोसुद्धा. फक्त किंमत रुपयांत छापा. दाखल नोंदवहीत किमतीच्या रकान्यात ‘स्वाध्याय’ लिहिलं की ऑडिटर मलाच विचारतो.